कळीचा नारद

"बघायची गरजच नाही!" हे आमच्या दादाचं ब्रीदवाक्य. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. मुक्काम डोंबिवली पूर्व, वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी फोर्टातल्या एका हापिसात. फोन खिशात, बोटं खिशावर, नजर समोर, अशा अवस्थेत गाणं सुरू झालं पाहिजे, थांबलं पाहिजे, पुढचं लागलं पाहिजे आणि स्क्रीनकडे ढुंकूनही बघावं लागता कामा नये, एवढीच त्याची जगाकडून अपेक्षा. या एका अपेक्षेपायी त्यानं जेवढा वेळ घालवलाय, तेवढ्यात दुसरा एखादा तबला शिकून, क्लास काढून गुरुपौर्णिमेला नारळ घेत बसला असता.

भाच्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं तेव्हाची गोष्ट. मुलीचा फोटो हातोहात फिरत दादापर्यंत आला. दादाच्या एका कानात वायर आणि बोट खिशात. नेमकं त्याच क्षणी काहीतरी जमलं असावं, कारण फोटो हातात पडताच तो आनंदानं ओरडला, "बघायची गरजच नाही!" सगळी बैठक चिडीचूप. वहिनीनं वायर उपटली. लग्न पुढे रीतसर झालं, पण भाचेसून त्याला नमस्कार करताना अजूनही जरा जपूनच वाकते.

दादाची बाजूही ऐकून घ्यायला हवी, कारण ती लोकलच्या गर्दीत तयार झालेली आहे. सकाळची फास्ट. सॅक छातीवर, एक हात वरच्या कडीला, दुसरा हात कुणाच्या तरी डब्याच्या पिशवीखाली अडकलेला. या अवस्थेत खिशातून फोन काढायचा, लॉक उघडायचा, अॅप शोधायचं आणि काचेवरच्या त्या तीन टिकल्यांपैकी बरोबर टिकलीवर बोट ठेवायचं, म्हणजे ठाण्याला उतरणाऱ्यांच्या लोंढ्यात फोन वाहून जायची पूर्ण सोय. त्यापेक्षा छातीवर लोंबणारी वायर आणि तिच्यावरचं ते नखाएवढं बटण बरं. एकदा दाबलं की चालू किंवा बंद, दोनदा दाबलं की पुढचं, तीनदा दाबलं की मागचं. कोट्यवधी लोक एवढ्यावर सुखानं जगतात. दादा जगत नाही. त्याचं दुसरं लाडकं वाक्य असं की, "कंपनीनं दिलेलं सेटिंग हे दुसऱ्या कुणासाठी तरी असतं."

आणि त्याच्या तक्रारी खऱ्या असतात, हीच पंचाईत आहे. तीनदा दाबलं की मागचं गाणं लागतं म्हणतात, पण बऱ्याच अॅपमध्ये गाणं थोडं पुढे गेलेलं असेल तर पहिल्यांदा त्याच गाण्याची सुरुवात लागते. एका सकाळी दादा विलंबित ख्याल ऐकत होता. डोंबिवलीला सुरू झालेला बडा ख्याल चाळीस मिनिटं बढत घेत घेत द्रुताच्या उंबरठ्याशी आला होता. कुर्ल्याला शेजारच्याच्या छत्रीची मूठ बटणावर तीनदा आपटली आणि गायक पुन्हा पहिल्या षड्जावर येऊन बसला. दादा दादरपर्यंत कुणाशी बोलला नाही.

त्याची दुसरी तक्रार आणखी सूक्ष्म आहे. बटण एकदा दाबलं की फोन लगेच गाणं थांबवत नाही. आता हा दुसऱ्यांदा दाबतो की काय, याची क्षणभर वाट बघतो. ती वाट बघणं दादाला खुपतं. "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही याचा?" असं तो फोनकडे बोट दाखवून विचारतो. मग दोन दाबांमधलं अंतर कमी करणारं अॅप आलं. अंतर इतकं कमी केलं की दोनदा दाबायला दादाचं बोट पुरेना. मग बोटाची तयारी सुरू झाली. वरणाला फोडणी देता देता वहिनीनं एकदा विचारलं, "अहो, टेबलावर टकटक कसली चाललीय?" उत्तर आलं, "रियाज."

या सगळ्या ज्ञानाचं कोष्टक फ्रिजवर चिकटवलेलं आहे. एका बाजूला कळा, दुसऱ्या बाजूला त्यांची कामं. एकदा, दोनदा, तीनदा, धरून ठेवलं, दाबून मग धरून ठेवलं. दूधवाल्याचा हिशेब त्या कागदाखाली गेला तो गेलाच. अँड्रॉइडच्या पोटात प्रत्येक कळीला क्रमांक असतो आणि ते दादाला पाढ्यांसारखे पाठ आहेत. 79 म्हणजे हेडसेटचं बटण, 85 चालू-बंद, 87 पुढचं गाणं, 88 मागचं, 24 आवाज वाढवा, 25 आवाज कमी करा. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर हौजी चालते. आकडा पुकारला, "एटी सेव्हन!" की मागून दादाचा आवाज येतो, "पुढचं गाणं!" त्याच्या स्वतःच्या तिकिटावर 87 असतो तेव्हा तो खोडायचा मात्र राहून जातो.

दादाचं सुवर्णयुग म्हणजे 2007 साल. त्या वर्षी नोकियाचा 5310 एक्सप्रेसम्युझिक आला. त्याच्या स्क्रीनच्या कडेला गाण्यांसाठी खास वेगळी बटणं होती. त्याच वर्षी सोनी एरिक्सनच्या डब्ल्यू 910 वर वॉकमनचं बटण धरून फोनला झटका दिला की गाणं बदलायचं. 5310 अजून दादाच्या कपाटात आहे, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला. दसऱ्याला शस्त्रपूजेत पाटावर पक्कड, पेचकस, सोल्डरिंगची सळई आणि मधोमध तो फोन. "यांनी बटणं दिली होती रे," असं म्हणून दादा त्याच्यावर जरा जास्तच हळद-कुंकू वाहतो. मग फोन गुळगुळीत होत गेले. 2016 मध्ये आयफोन 7 आला तो हेडफोनचं भोकच बुजवून. दादाकडे आयफोन नव्हता, कधी नव्हताच, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. "आज त्यांनी बुजवलं, उद्या सगळे बुजवतील," असं तो म्हणाला, आणि भाकीत बव्हंशी खरं ठरलं. ही माणसं वेडी असली तरी त्यांच्या विषयात सहसा चुकत नाहीत.

त्या भोकाबद्दल दादाला बोलतं केलं तर मात्र आपली गाडी चुकते. पिनेवर चार पट्ट्या असतात. टोकाला डावा कान, मग उजवा, मग ग्राउंड, मग माइक. काही जुन्या हेडसेटमध्ये शेवटच्या दोघांची जागा उलट असे. स्टेशनच्या पुलावरच्या विक्रेत्याकडून दादानं एकदा असाच उलट्या पट्ट्यांचा हेडसेट आणला. गाणं लावलं तर तबला आहे, व्हायोलिन आहे, गायिका मात्र गायब! दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता. दादानं बटण दाबलं, आणि गायिका परत आली. बोट सोडलं, गेली. बोट दाबलं, आली. ग्राउंड नीट जुळत नाही तेव्हा दोन्ही कानांत सारखाच असलेला आवाज आपसात खोडला जातो, गायकाचा आवाज बहुधा मधोमधच ठेवलेला असतो म्हणून तोच नेमका जातो, आणि बटण दाबल्यावर माइकची तार ग्राउंडला जोडली जाऊन सगळं जागेवर येतं, असं त्यानं उभ्या उभ्या ओळखलं आणि अख्ख्या डब्याला समजावलं. मग हौसेनं एक जुनं मोनो गाणं लावलं. तिथे गायकाबरोबर बहुतेक सगळे वादकही निघून गेले.

त्या डब्यात रोज भजनी मंडळ असतं. टाळ आहेत, डब्याच्या पत्र्यावर ठेका आहे. मंडळाचे बुवा हे सगळं शांतपणे बघत होते. शेवटी म्हणाले, "दादा, आमच्याकडे एकच बटण. मी हात वर केला की पुढचा अभंग." दादा यावर विचारात पडला. दुसऱ्या दिवशी त्यानं बुवांना विचारलं, "आणि मागचा अभंग पुन्हा हवा असेल तर?"

पुढची पायरी म्हणजे स्वतः हेडसेट बनवणं. लॅमिंग्टन रोडला जाऊन दादानं मूठभर रेझिस्टर आणले. अँड्रॉइडच्या वायरवाल्या हेडसेटची गंमत अशी की फोनला बटणं दिसत नाहीत, त्याला फक्त माइकच्या तारेवरचा रोध कळतो. मधलं बटण म्हणजे जवळजवळ शून्य ओहम, आवाज वाढवणारं 240, कमी करणारं 470. म्हणजे रेझिस्टर आणि दोन तारा एकमेकींना टेकवण्याची काहीतरी सोय, एवढ्यावर माणूस स्वतःचं बटण कुठेही बसवू शकतो. दादानं ते सॅकच्या पट्ट्यावर बसवलं, आणि त्यासाठी वहिनीच्या शिवणाच्या डब्यातली टिचबटणं उचलली. ब्लाउजला टिचबटण सापडेना तेव्हा वहिनीनं सॅक दाबून बघितली आणि आतल्या फोननं गाणं म्हणायला सुरुवात केली.

घरी हे यंत्र उत्तम चाललं. लोकलमध्ये पट्टा छातीवर, आणि छातीवर चारी बाजूंनी माणसं. कोपर लागलं की गाणं बंद, पाठ टेकली की पुढचं, कुणी "जरा आत सरका" म्हणून रेटलं की आवाज थेट शिगेला. डोंबिवली ते मशीद अख्ख्या डब्यानं मिळून दादाला गाणी निवडून दिली. संध्याकाळी मी विचारलं, "काय दादा, कसं काय?" म्हणाला, "हार्डवेअर ओके आहे. इनपुट जास्त येतंय."

मग त्यानं फोनच्याच आवाजाच्या बटणांकडे मोर्चा वळवला. वरचं धरून ठेवलं की पुढचं गाणं, खालचं धरून ठेवलं की मागचं. काही फोनांत ही सोय आयती असते, दादाच्या फोनात अर्थातच नव्हती. 2017 च्या अँड्रॉइड 8 मध्ये तशी परवानगी आली, पण ती फोनवरून देता येत नाही. संगणकाला वायर जोडायची, काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात आज्ञा टंकायची. रविवारी सकाळी दादा आंघोळ करून या कामाला बसला. मुलीचा लॅपटॉप, मुलीची परीक्षा, आणि "एक मिनिट, एक सेटिंग राहिलंय" हे दादाचं तिसरं वाक्य. त्या एका मिनिटात पोहे गार झाले, नळाचं पाणी गेलं आणि इस्त्रीवाला दोनदा बेल वाजवून परत गेला. दुपारी केव्हातरी जमलं. पुढच्या महिन्यात फोनला अपडेट आला आणि सगळं मुळापासून पुन्हा. बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन मागे चालणारी अॅप बंद करतो, त्याला दादा म्हणतो, "आपल्या माणसाला बॅकग्राउंडला मारलं रे." हे वाक्य तो एकदा जिन्यात फोनवर बोलत होता. खालच्या मजल्यावरच्या आजींनी दोन दिवस दार उघडलं नाही.

वायरलेस कर्णफुलं आली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. त्यांना बटणच नाही, नुसता स्पर्श. पण दादाला ते आणखी मोठं कुरण मिळालं. डाव्या कानाला एक टिचकी, उजव्याला दोन, दोन्ही एकदम धरले तर आणखी काही. प्लॅटफॉर्मवर तो स्वतःच्याच कानांवर टिचक्या मारत उभा असतो. बाजूच्या बाई मुलाला म्हणाल्या, "बघ, काकांनी काहीतरी चूक केलेली दिसते." जूनच्या पहिल्या सरीला थेंब कानावर पडला आणि गाणं बदललं. चिडायच्या ऐवजी दादा चक्क खूश झाला. म्हणाला, "सेन्सर जागा आहे." थंडीत माकडटोपी आली की मात्र ही सगळी विद्या लोकरीखाली जाते, आणि तो पुन्हा वायरीवर येतो.

इथवर त्याचा उपद्रव स्वतःपुरता. खरा धोका आपला फोन त्याच्या हाती पडण्यात आहे. "जरा फोन दे रे, नंबर लावतो," म्हणून घेतो आणि परत देतो तेव्हा आपला फोन आपल्याला ओळखत नाही. रामनवमीला त्यानं माझ्या फोनवर गीतरामायण लावून दिलं आणि जाता जाता वरचं बटण धरलं की गाण्यांचा क्रम पिसला जाईल अशी सोय केली. गदिमा आणि बाबूजींनी 1955-56 साली पुणे आकाशवाणीवर वर्षाहून थोडा अधिक काळ, आठवड्याला एक अशी 56 गाणी क्रमानं उलगडली. माझ्याकडे त्या दुपारी रावण आधी मेला, सेतू नंतर बांधला गेला आणि सगळं आटोपल्यावर राम वनवासाला निघाला. वहिनीच्या फोनात आवाज वाढवायचं बटण जरा जास्त वेळ दाबलं की टॉर्च लागतो. "लाइट गेले की उपयोगी," हे दादाचं समर्थन. सावित्रीबाई फुले नाट्यगृहात नाटकाचा अंधारा प्रसंग, रंगमंचावर खून, आणि सहाव्या रांगेत वहिनीच्या पर्समधून प्रकाशझोत थेट खुन्याच्या तोंडावर. "कळीचा नारद!" असं वहिनी त्याला म्हणाली ती त्या रात्री.

मग आम्ही त्याला सहन का करतो? मावशीसाठी. मावशीचं वय ऐंशीच्या पुढे, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नाही, आणि बोटं इतकी कोरडी की काचेला त्यांचा स्पर्श कळतच नाही. ती बिचारी फोनवर बोट घासून घासून थकायची आणि "मला नको तो फोन" म्हणून ठेवून द्यायची. दादानं महिनाभर खपून तिचं काम केलं. एक जाडसर वायरचा हेडसेट, त्याच्यावर एकच मोठं बटण, बटणावर वहिनीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका. एकदा दाबलं की अभंग, कालचा जिथे थांबला तिथून. दोनदा दाबलं की पुढचा. आणि काही दुखलं-खुपलं तर धरून ठेवायचं, म्हणजे दादाला फोन. कोष्टक नाही, क्रमांक नाहीत. मावशीला पाच मिनिटांत आलं.

फक्त तिची सवय अशी की बटण दाबलं की अभंग ऐकू येईपर्यंत ती सोडत नाही. त्यामुळे दिवसातून दोन-चारदा, हापिसात साहेबांसमोर असो की जेवणाच्या सुट्टीत, दादाचा फोन वाजतो. "काय गं आई?" पलीकडून मावशी म्हणते, "अरे, अभंग लावत होते, तर तूच लागलास. जेवलास का?" हे सेटिंग दादाला दोन मिनिटांत दुरुस्त करता येईल. जगातलं प्रत्येक बटण दुरुस्त करत सुटलेल्या या माणसानं ते तसंच ठेवलंय.

आता कुणी विचारेल, इतकं करून हा गाणं ऐकतो कधी? मी नीट निरीक्षण केलंय. एक कडवं ऐकतो, पुढचं लावून बघतो, मागचं लावून बघतो, मान डोलावतो. ती मान गाण्याला डोलते की बटणाला, हे सांगणं अवघड. पण माझ्या मते त्याचं गाण्यावर प्रेम नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. काही लोक देवळात दर्शनाला जातात, काही लोक देवळाची रांग नीट लावायला जातात. दुसऱ्यांनाही पुण्य मिळत असावं.

तेव्हा तुमच्याही घरी, शेजारी, हापिसात असा एखादा दादा असेलच. त्याला तोडून बोलू नका. काम सांगताना एकच सांगा, केलेलं कागदावर लिहून घ्या आणि चहा यायच्या आत फोन परत मागा. स्वतःचा फोन शक्यतो देऊच नका. पण घरात कुणाची बोटं थकली असतील, कुणाला त्या गुळगुळीत काचेशी झगडावं लागत असेल, तर दुकानात जाऊ नका, त्यालाच बोलवा. दुकानदार नवा फोन विकेल, हा जुन्याला बटण लावून देईल. असा माणूस घराण्यात एक असावा. दोन नकोत.